सहकाऱ्याच्या मेंबरशिपसाठी सूचक म्हणून सही करायची आहे, शिफारशीत नेमकं काय लिहू?

बर्गे_मोजणारा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी पाटबंधारे खात्यात आहे, पोस्ट सांगत नाही कारण कोल्हापुरात कोण कुठल्या टेबलावर बसतंय ते दोन फोनमध्ये कळतं. माझ्याबरोबर एकाच उपविभागात ९ वर्षं काम केलेला एक शाखा अभियंता आहे. गेल्या वर्षी माझी बदली झाली, तो तिथंच आहे. मूळचा डिप्लोमावाला, नोकरी लागल्यावर २००९ ला एएमआयईला (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची डिग्रीच्या बरोबरीची परीक्षा) नाव घातलं आणि पहाटे उठून, रविवारी पोरांना सासरवाडीला पाठवून, तिचे सेक्शन ए आणि बी असे दोन्ही भाग काढले. मधे एका पेपरला तीनदा बसला पण सोडलं नाही गड्यानं.

आता त्याला इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सचं रीतसर मेंबर व्हायचंय. मी आधीच मेंबर आहे, म्हणून परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता पिशवीतनं फॉर्म काढला आणि म्हणाला, तू सूचक म्हणून सही कर आणि सोबत पानभर शिफारस लिहून दे, माझ्याबद्दल तुझ्याएवढं कुणाला माहिती नाही. मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन फॉर्म नीट वाचला तर अनुभवाच्या रकान्यात तीन ठिकाणी "प्रकल्प प्रमुख" लिहिलंय. फोन केला तर म्हणतो फॉर्म भाच्यानं भरलाय, त्याला वाटतं मामा साहेब आहे म्हणजे प्रमुखच असणार. 😄

तर माझे प्रश्न असे की एक, "प्रमुख" तसंच ठेवून सही करावी का, कारण कामं त्यानंच केलीत हे खरं आहे, फक्त कागदावर प्रमुख दुसरेच होते. दोन, सरकारी माणसानं मेंबर व्हायला आणि दुसऱ्या सरकारी माणसानं शिफारस द्यायला खात्याची परवानगी लागते का. आणि तीन, सगळ्यात अवघड, लिहायचं काय? काल रात्री बसलो आणि "प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, निर्व्यसनी" असं लिहून झालं. बायकोनं वाचलं आणि विचारलं, कुणाचं स्थळ आलंय?

---

तांबडा_पांढरा

सही कर आणि मिसळ घे त्याच्याकडनं. विषय संपला. एवढा विचार करायला लागलास तर त्याची रिटायरमेंट येईल भावा.

---

गावठी_इंजिनियर

मला एक कळत नाही, सरकारी नोकरीत असताना ही मेंबरशिप कशाला लागते? पगार वाढत नाही, प्रमोशनला उपयोग नाही, फक्त घराबाहेरच्या पाटीवर नावापुढं चार अक्षरं वाढतात. आमच्या कॉलनीत एकाच्या पाटीवर डिग्र्या एवढ्या आहेत की नाव शोधायला लागतंय. हाॅलमध्ये फ्रेम लावायची असेल तर देवाचा फोटो लावा म्हणावं. राग नको, खरंच विचारतोय.

---

बर्गे_मोजणारा

@गावठी_इंजिनियर राग कशाला. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. पण त्याचं कारण वेगळं आहे. डिप्लोमावाला म्हणून ऑफिसात त्याला आयुष्यभर "ते डिप्लोमाचे" असंच म्हणत आलेत, डिग्रीच्या बरोबरीची परीक्षा पास होऊनही. १९२० ला स्थापन झालेली, १९३५ ला रॉयल चार्टर मिळालेली संस्था आपल्याला आपल्यातला म्हणते एवढंच त्याला पाहिजे. आणि व्याख्यानं, अंक वगैरे खरंच वाचतो तो. माझ्याकडं येणारे अंक आधी तो नेतो, मग मला मिळतात, कधी कधी मिळतच नाहीत.

---

डिप्लोमा_२०११

माझा मधेच एक प्रश्न, सॉरी. माझंपण एएमआयई झालंय, म्हणजे मी मेंबर आहेच ना आपोआप? नावापुढं लावतोय मी तीन वर्षं झाली 😬

---

निवृत्त_उपअभियंता

आधी डिप्लोमा_२०११ ला उत्तर. बाळा, परीक्षा पास होणं वेगळं आणि कॉर्पोरेट मेंबर, म्हणजे संस्थेचा रीतसर सदस्य, म्हणून निवड होणं वेगळं. दोन्हीला लोक एएमआयईच म्हणतात म्हणून हा घोळ आहे आणि तो तुझ्या एकट्याचा नाही. सेक्शन ए, बी झालं म्हणजे तू अर्ज करायला पात्र झालास, अर्ज करून निवड झाल्याशिवाय मेंबर नाहीस. अजून एक, डिग्रीच्या बरोबरीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव घातलेल्यांना आहे, तुझ्या आयडीत २०११ आहे म्हणजे तू बहुतेक बसतोस, पण नोंदणीची तारीख कागदावर बघून घे, आठवणीवर जाऊ नको.

आता मूळ प्रश्नावर येतो. तांबडा_पांढरा म्हणतात तसं "सही कर, विषय संपला" असं मीही केलं होतं, १५-१६ वर्षं झाली असतील. संस्था कुठली ते सांगत नाही, ही नव्हे, एवढंच. साईटवर होतो, आमच्याकडं नव्यानं आलेले एक गृहस्थ चार फॉर्म घेऊन आले, त्यांचा स्वतःचा एक आणि त्यांच्या मित्रांचे तीन, आणि मी जीपच्या बॉनेटवर चारही फॉर्मवर सह्या ठोकल्या, एका हातात वडा होता हे अजून आठवतंय. तीनेक महिन्यांनी संस्थेकडनं पत्र आलं. त्यातल्या एकानं पुलांच्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव लिहिला होता आणि प्रत्यक्षात गडी इमारतींच्या डागडुजीच्या पलीकडं गेला नव्हता. पत्रात मला एकच विचारलं होतं, "आपण अर्जदारास किती काळ व कोणत्या नात्याने ओळखता?" त्याला मी एकदा भेटलो होतो. लग्नात. मला उत्तर लिहायला दोन दिवस लागले, आणि उत्तर दोनच ओळींचं होतं. पुढं काही कारवाई वगैरे झाली नाही, पण त्यानंतर तिथल्या कुठल्याही बैठकीला मी मागच्या रांगेत बसायला लागलो.

म्हणून "प्रमुख" खोडायचंच. शाखा अभियंता हा शाखा अभियंताच लिहायचा, त्यात कमीपणा काय आहे? रोज मापं घेणं, एमबी (मोजमापाचं पुस्तक) लिहिणं, काँक्रीटचे क्यूब भरून घेणं, २८ दिवसांनी ते फुटतात तेव्हा स्वतः लॅबमध्ये उभं राहणं हे सगळं शाखा अभियंताच करतो. प्रमुख साहेब बहुतेक वेळा नारळ फोडायला येतात (मी पण गेलोय नारळ फोडायला, म्हणून बोलतोय). अनुभव तपासणाऱ्याला हुद्दा नाही कळला तरी चालतं, काम कळलं पाहिजे. "अमुक बंधाऱ्याची मापं घेतली व देखभाल पाहिली" हे "प्रकल्प प्रमुख" पेक्षा कितीतरी भारी दिसतं, वाचणारा इंजिनियर असेल तर.

---

नळपाणी_ताई

मी पाणीपुरवठ्यात आहे, सरकारी नाही पण सरकारीसारखंच समजा, त्यामुळे परवानगीचं माझं मत सांगते, ह्यात मी एकदा अडकलेय.

आपल्याकडं महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. व्यावसायिक संस्थेचं साधं मेंबर होण्यात कुणी अडवल्याचं माझ्या बघण्यात नाही, पण आस्थापना शाखेला एक ओळीचं पत्र द्यायचं, "अमुक संस्थेचे सदस्यत्व घेत आहे, माहितीसाठी सादर", आणि आवक क्रमांकाची पोच घ्यायची. पोच विसरायची नाही, मी विसरले होते आणि दोन वर्षांनी एक नवीन साहेब आले त्यांना ते माझ्याच फायलीत सापडेना. उद्या संस्थेत निवडणूक लढवून पदाधिकारी व्हायचं असेल तर मात्र आधी विचारायचं, नंतर नाही. केंद्राच्या १९६४ च्या नियमांत तर निवडून यायच्या पदाला पूर्वमंजुरी लागते असं सरळ लिहिलंय.

शिफारसपत्राबद्दल. ऑफिसचं लेटरहेड वापरू नकोस. गोल शिक्का मारू नकोस. तू संस्थेचा मेंबर म्हणून लिहितोयस, खात्यातर्फे नाही. साधा पांढरा कागद, तुझं नाव, मेंबरशिप नंबर, सही. आपल्या लोकांना शिक्का मारल्याशिवाय सही झाल्यासारखी वाटतच नाही, हात शिवशिवतो, तरी नको.

आणि फी स्वतःच्या खिशातनं. हे सांगायला लागू नये पण सांगते, आमच्याकडं एकदा एक ठेकेदार म्हणाला की मॅडम, तुमच्या सगळ्या स्टाफची लाइफ मेंबरशिप मी करतो, वाढदिवसाची भेट समजा. कुणाचा वाढदिवस ते त्यालाही सांगता आलं नाही.

राहिलं काय लिहायचं ते. "विश्वासू" हा शब्द कधी वापरतोस ते आधी स्वतःला विचार. सरकारी ऑफिसात विश्वासू माणूस दोन प्रकारचा असतो. एक, ज्याला सांगितलं तर बाहेर बोलत नाही. दुसरा, ज्यानं लिहिलेला आकडा परत मोजायला लागत नाही. संस्थेला दुसरा पाहिजे, आणि ऑफिसात पहिल्यालाच विश्वासू म्हणतात. तुझा कुठला? एखादा प्रसंग सांग बघू, स्वतः बघितलेला, ऐकलेला नको.

---

गावठी_इंजिनियर

ताई 👏 दुसऱ्या प्रकारचा मला २२ वर्षांत एकच भेटला आणि त्याची बदली गडचिरोलीला झाली.

---

बर्गे_मोजणारा

@नळपाणी_ताई दोन प्रसंग आहेत, दोन्ही माझ्यासमोरचे.

पहिला बर्ग्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांना खाचा असतात आणि पावसाळा सरला की त्यात फळ्या घालून पाणी अडवतात, त्या फळ्यांना आम्ही बर्गे म्हणतो. जुन्या लाकडी कामात दोन ओळी लावून मधे माती भरतात. पावसाळ्याआधी सगळे काढायचे. एका ऑक्टोबरमध्ये बर्गे घालायचं काम चाललं होतं आणि शेतकरी काठावर उभे, ऊस वाळायला लागलाय, लवकर अडवा म्हणून. हा गडी रचून ठेवलेल्या फळ्यांमधनं एकेक उलटी करून बघत होता. कुजलेल्या फळीवर खडूनं फुली मारायला गेला तर ओल्या लाकडावर खडू उठेना. मग कुणाच्या तरी घरनं गेरू आणला, वाटीत पाण्यात कालवला आणि बोटानं फुल्या मारत बसला. सतरा फळ्या निघाल्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला साहेब एवढ्या चालतात, मधे माती असतीया. वरनं फोन आला. ह्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "साहेब, घालतो, पण नोंद सतराची करतो." मग दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन सतरा आल्या. भांडण नाही, आवाज चढला नाही. दोन दिवस बोटं लाल घेऊन फिरत होता, ऑफिसात लोक विचारत होते कुठल्या देवाला जाऊन आलास.

दुसरा २०१९ च्या पुराचा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं होतं ते सगळ्यांना आठवतंय. आम्ही वर नदीकाठच्या एका ठिकाणी होतो, दर तासाला पाण्यातली खुणांची पट्टी बघून पातळी कळवायची. तो आणि मी आळीपाळीनं. रात्री दोनला त्याची पाळी. लाईट गेलेली, पाऊस असा की बॅटरीचा उजेड हाताच्या पुढं जाईना. पहाटे मी रजिस्टर घेतलं तर १ वाजताचा आकडा आहे, ३ चा आहे, ४ चा आहे आणि २ वाजताच्या ओळीत लिहिलंय "पट्टी दिसली नाही". मी म्हणालो अरे एकची आणि तीनची माहिती आहे, मधला आकडा अंदाजानं काढून लिहायचा की, सगळे तसंच करतात. तर म्हणाला काढता येतो रे, पण मग तो मी काढलेला होतो, बघितलेला नाही. आणि झोपला. बाकड्यावर, रेनकोटसकट.

पहिला जास्त जोरदार वाटतोय. तोच लिहावा म्हणतोय.

---

निवृत्त_उपअभियंता

दुसरा लिही.

पहिल्यात ठेकेदार आहे, वरचा फोन आहे, सरकारी मालाचा हिशोब आहे. तू सेवेत आहेस, तोही आहे. खात्यातली माहिती अधिकार नसताना बाहेर द्यायची नाही हे वर्तणूक नियमांतच आहे, आणि शिफारसपत्रात ती गेली तर त्याचं भलं करता करता त्यालाच खुलासा द्यायला लागेल. शिवाय त्यात फोन करणारे साहेब कोण हे आपल्या लोकांना तारखेवरनं कळेल. पुराच्या पातळ्या तशाही रोज पेपरात येत होत्या, त्यात लपवायचं काही नाही. फक्त रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडू नको, मोह होईल.

आणि खरं सांगू का, मी ३४ वर्षं नोकरी केली, रजिस्टरमध्ये "दिसली नाही" असं लिहिलेलं मी बघितलं नाही. मी स्वतः लिहिलेलं नाही. मधला आकडा मी कायम काढला.

---

नळपाणी_ताई

काकांशी सहमत. आमच्याकडं मीटर रीडिंगला घर बंद असलं की मागची सरासरी टाकतात, पण बिलावर तसं छापलेलं तरी असतं. रजिस्टरात कोण छापतंय.

एक गोष्ट अजून. त्याला जे येत नाही तेही मनात ठेवून लिही. डिझाइन त्यानं केलंय का? नसेल तर डिझाइनबद्दल अवाक्षर नको. आणि विचार त्याला, मेंबर झाल्यावर चार्टर्ड इंजिनियरचा शिक्का घेऊन बँकांची व्हॅल्युएशनं करायचा विचार नाही ना? नोकरीत असताना खासगी प्रॅक्टिस चालत नाही. काही जण त्यासाठीच मेंबर होतात आणि सूचक बिचारा अंधारात.

---

बर्गे_मोजणारा

विचारलं. म्हणाला व्हॅल्युएशन कशाला, मला माझ्या घराची किंमत माहिती नाही.

---

तांबडा_पांढरा

मी सहज थट्टा केली होती पण हा धागा वाचून माझंच पोट दुखायला लागलंय. गेल्या महिन्यात मी एकाच्या फॉर्मवर सही केलीय, दुसऱ्या एका संस्थेच्या. त्याच्या गाडीचा रंग सोडून मला त्याच्याबद्दल काही माहिती नाही. आता काय करू?

---

निवृत्त_उपअभियंता

फोन कर, भेट, काम बघायला जा. पत्र यायच्या आत.

---

बर्गे_मोजणारा

अपडेट. पत्र लिहून झालं, पाच वेळा खोडून. टाकतो इथं, नावं काढून:

"अर्जदारांना मी ९ वर्षे एकाच उपविभागातील सहकारी म्हणून ओळखतो. ते माझे वरिष्ठ किंवा कनिष्ठ नव्हते, नात्यातीलही नाहीत. या काळात त्यांनी शाखा अभियंता म्हणून बंधाऱ्यांची देखभाल, मोजमापे व पूरकाळातील पातळीच्या नोंदी हे काम केले व ते मी जवळून पाहिले आहे. संकल्पचित्राचे काम त्यांना करताना मी पाहिलेले नाही, त्याबद्दल लिहू शकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात रात्री पातळीची पट्टी दिसत नव्हती त्या तासाला त्यांनी अंदाजे आकडा न भरता 'पट्टी दिसली नाही' अशी नोंद केली. त्यांनी घेतलेले माप मी ९ वर्षांत पुन्हा घेतलेले नाही. सदस्यत्वासाठी मी त्यांचे नाव सुचवतो."

बायकोला दाखवलं, म्हणाली आता स्थळ वाटत नाही.

त्याला काल संध्याकाळी वाचायला दिलं, परत रंकाळ्यावरच. वाचून म्हणाला, "एवढंच?" मला वाटलं नाराज झाला. मग परत पहिल्यापासनं वाचलं, सावकाश, आणि म्हणाला की ते संकल्पचित्राचं लिहिलंस ते बरं केलंस, पण २०१४ ला एका दुरुस्तीच्या छोट्या स्लॅबचं मी केलं होतं, तू ट्रेनिंगला गेला होतास. मी म्हणालो मग ते तू तुझ्या अनुभवात लिही, मी बघितलेलं नाही. तर हसायला लागला आणि म्हणाला, माझंच मला ऐकवतोस व्हय रे.

मग त्यानंच पेन काढून तिन्ही ठिकाणचं "प्रकल्प प्रमुख" खोडलं. आस्थापनेचं पत्र आज सकाळी दिलं, पोच घेतली, फोटो काढून मलाही पाठवला (ताई, थँक्यू). दुसऱ्या मेंबरची सही पाहिजे म्हणतोय, त्यासाठी त्यानं शोधलेला माणूस त्याला फक्त ट्रेनिंगमध्ये भेटलाय, त्यामुळे ते आता थांबलंय, वर्षभर एकत्र काम केलेला कुणी मेंबर आहे का ते शोधतोय.

फॉर्म मात्र नव्यानं भरायला लागणार, खोडाखोडीमुळं नाही, त्याच्यावर भेळेचं चिंचेचं पाणी सांडलंय. ह्या वेळी भाच्याला देणार नाही म्हणतोय.

---

डिप्लोमा_२०११

नोंदणीची तारीख बघितली, बसतोय मी 🙏 पण पाटी उतरवून ठेवलीय सध्या. आई विचारतीया पाटी कुठं गेली.